पाऊस की बर्फ : एका अंशाचा वाद

जानेवारीत मॉस्कोवर ढग भरून आले तर खाली बर्फच पडणार, हे सांगायला हवामानतज्ज्ञ लागत नाही. मुंबईत तो पडणार नाही, हे सांगायलाही लागत नाही. कस लागतो तो लंडनसारख्या शहरात. तिथे हिवाळ्यातल्या पावसाळी दिवसांत पारा कधी तीन अंशांवर, कधी एकावर, कधी शून्याच्या जरा खाली असा घुटमळत राहतो. दक्षिण इंग्लंड, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची मोठी शहरं, आपल्याकडे सिमला आणि मसुरी ही सगळी या काठावरची ठिकाणं. ब्रिटिश हवामानतज्ज्ञ अशा दिवसांना 'मार्जिनल' म्हणतात.

या ठिकाणी अंदाज चुकला की ठरलेला तमाशा होतो. शाळा बंद ठेवल्या आणि बर्फ आलाच नाही, तर 'उगाच घाबरवलं'. बर्फ आला आणि गाड्या रस्त्यात अडकल्या, तर 'हे लोक झोपले होते का?' दोन्ही वेळा शिव्या एकालाच. हवामान खात्याची बाजू घ्यायची मला हौस नाही, पण या तमाशात नुकसान आपलंच होतं. काठावरच्या दिवशी 'बर्फ पडणार की नाही?' हे त्या खात्याला विचारण्यात अर्थच नाही. शक्यता किती, एवढंच त्याला विचारावं. त्या शक्यतेवर काय करायचं, हे ज्याच्या खिशाला किंवा जिवाला झळ बसणार त्याने ठरवायचं असतं. आणि नेमकं हेच काम शाळा, पालिका, रेल्वे, सरकार आणि आपण सगळ्यांनी अंगावरून झटकून टाकलेलं आहे.

पण आधी वर हवेत काय घडतं ते नीट पाहायला हवं. कारण ही अडचण 'यंत्रं जुनी आहेत' किंवा 'माणसं आळशी आहेत' अशा थराची नाही.

ब्रिटनवर हिवाळ्यात पडणारा बहुतेक पाऊस ढगातून निघतो तेव्हा बर्फच असतो. खाली येताना तो शून्य अंशाची पातळी ओलांडतो आणि त्याखालच्या उबदार थरात वितळू लागतो. हा थर दोन-अडीचशे मीटरचा असेल तर बर्फाचे पुंजके जमिनीपर्यंत टिकण्याची आशा असते. थर बराच जाड असेल तर पाऊस. आणि मधल्या अवस्थेत ना धड पाऊस ना धड बर्फ असं जे गिळगिळीत काही पडतं, त्याला तिथे स्लीट म्हणतात. हवा सर्वसाधारणपणे दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी थंड होत जाते. म्हणजे तीनशे मीटरचा थर म्हणजे जमिनीवर साधारण दोन अंश तापमान. सगळा वाद या दोन अंशांच्या आतला.

इथपर्यंत प्रकरण सोपं वाटतं. जमिनीवरचं तापमान बरोबर सांगितलं की झालं! पण पडणारा बर्फ ते तापमान तसंच राहू देत नाही. एक किलो बर्फ वितळायला सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते आणि ती तो आजूबाजूच्या हवेतून ओढून घेतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक किलो पाणी. एक चौरस मीटर पायाचा आणि तीनशे मीटर उंचीचा हवेचा खांब डोळ्यांपुढे आणा. त्याचं वजन पावणेचारशे किलोच्या आसपास भरतं. कागदावर आकडेमोड केली तर एक मिलिमीटर पाण्याइतका बर्फ वितळला की हा अख्खा खांब जवळजवळ एका अंशाने गार होतो. आता त्या खांबात जास्तीची ऊब आहे किती? खाली दोन अंश, वर शून्य, म्हणजे सरासरी एकच अंश. तेव्हा ताशी दीड-दोन मिलिमीटरच्या जोराने तासभर पाऊस लागला आणि वारा पडलेला असला, तर आधी पाऊस म्हणून जे पडत होतं तेच बघता बघता बर्फ म्हणून पडायला लागतं. मात्र पाऊस रिमझिमच राहिला, किंवा समुद्रावरून उबदार वारा येत राहिला, तर ही थंडी लगोलग भरून निघते आणि रात्रभर नुसती ओली, कंटाळवाणी सर पडत राहते.

याचा अर्थ काय झाला? पाऊस की बर्फ हे तापमानावर ठरणार, तापमान पावसाच्या जोरावर ठरणार, आणि नेमक्या कोणत्या तासाला कोणत्या गावावर पाऊस किती जोराचा असेल, हे सांगणं हवामानशास्त्रातल्या सर्वांत अवघड कामांपैकी एक. एका संशयावर दुसरा संशय बसलेला.

त्यात कोरड्या हवेची भर. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने कोरड्या हवेतून पडणारा पाऊस हवेला गार करतो. बाष्पीभवनाला वितळण्याच्या साडेसातपट उष्णता लागते. म्हणून तापमापकावर चार अंश दिसत असूनही, हवा पुरेशी कोरडी असेल तर बर्फ पडू शकतो आणि हवा दमट असेल तर दीड अंशालाही पाऊस पडू शकतो. जाणकार मंडळी अशा वेळी साध्या तापमापकाकडे फारसं बघतच नाहीत. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक काय सांगतो ते बघतात. टीव्हीवरच्या नकाशावर मात्र साधंच तापमान दाखवतात आणि प्रेक्षक म्हणतो, 'तीन अंश आहे, बर्फ कसला पडतोय!'

आणखी एक गंमत जमिनीच्या चढउताराची. लंडनमधलं हॅम्पस्टेड हीथ सव्वाशे मीटरहून जास्त उंचीवर आहे, वेस्टमिन्स्टर थेम्सच्या काठाला. उंचीने जवळजवळ एका अंशाचा फरक पडतो आणि दाट वस्तीची ऊब शहराच्या पोटात आणखी थोडी भर घालते. एकाच रात्री, एकाच ढगातून, वरच्या टेकडीवर मुलं गोळे करून फेकत असतात आणि नदीकाठी लोक छत्र्या धरून बसची वाट बघत असतात. 'लंडनमध्ये बर्फ पडेल' हा अंदाज त्या रात्री बरोबर की चूक? उत्तर ज्याच्या त्याच्या घराच्या उंचीवर.

आता एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. जुलैमध्ये मेट ऑफिसने, म्हणजे ब्रिटनच्या हवामान खात्याने, चोवीस अंश सांगितले आणि पंचवीस झाले, तर तो उत्तम अंदाज. जानेवारीत एक अंश सांगितला आणि दोन झाले, तर तोच तज्ज्ञ गाढव ठरतो. चूक तेवढीच आहे, एका अंशाची. निसर्गाने शून्याजवळ पाण्याचं रूप पालटायची सोय केली आहे आणि आपण आपले रस्ते, विमानतळ, शाळा त्या रूपावर टांगून ठेवले आहेत. अंदाजाची अचूकता हिवाळ्यात कमी झालेली नसते, फक्त एका अंशाची किंमत अचानक भयंकर वाढलेली असते.

यावर नेहमीचा उपाय सुचवला जातो तो मोठ्या संगणकाचा. मेट ऑफिसचं ब्रिटनपुरतं मॉडेल आजही दीड किलोमीटरच्या चौकटीत हवेचं गणित मांडतं. उद्या तीनशे मीटरची चौकट येईल. फायदा होईल, नाही असं नाही. पण अमेरिकेच्या एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३च्या आपल्या निबंधात दाखवून दिलं की सुरुवातीच्या मोजमापातला अगदी क्षुल्लक फरकही पुढे वाढत जाऊन पूर्ण वेगळं हवामान घडवू शकतो. अटलांटिकवरच्या प्रत्येक घनमीटर हवेचं तापमान आपण कधीच मोजणार नाही. म्हणूनच रेडिंगमध्ये मुख्यालय असलेलं युरोपीय हवामान केंद्र १९९२ पासून एकच अंदाज काढून थांबत नाही. सुरुवात किंचित किंचित बदलून अंदाजांचा अख्खा ताफा चालवतं. आज या ताफ्यात ५१ अंदाज असतात. समजा त्यांतले वीस बर्फ दाखवतात आणि एकतीस पाऊस. इथे विज्ञानाचं काम संपतं. 'चाळीस टक्के' हे त्या रात्रीबद्दलचं पूर्ण, प्रामाणिक ज्ञान आहे.

आणि नेमकं हेच ज्ञान बातमीपर्यंत पोचेस्तोवर सोलून काढलं जातं. संपादकाला एक आकडा हवा, महापौरांना एक आकडा हवा. मग कोणीतरी सरासरी काढतो. निम्मे अंदाज शून्य म्हणतात, निम्मे पंधरा सेंटिमीटर म्हणतात, तर बातमी होते 'सात सेंटिमीटर'. सात सेंटिमीटर बर्फ त्या रात्री कोणत्याही परिस्थितीत पडणार नसतो!

न्यू यॉर्कला २६ जानेवारी २०१५ला असंच झालं. तिथला प्रश्न तापमानाचा नव्हता, वादळाच्या कडेचा होता. पण काठावर असणं तेच. युरोपीय मॉडेल शहरावर जबरदस्त बर्फ दाखवत होतं, अमेरिकेचं स्वतःचं मॉडेल बरंच कमी. २०१२च्या सँडी वादळात युरोपीय मॉडेलने बाजी मारली होती, ती आठवण ताजी. वीस ते तीस इंच असा अंदाज गेला. भुयारी रेल्वे बर्फासाठी तिच्या इतिहासात पहिल्यांदाच बंद ठेवली, रस्त्यांवर वाहनबंदी आली. वादळ थोडं पूर्वेकडून गेलं. सेंट्रल पार्कमध्ये दहा इंचांना जरा कमी बर्फ मोजला गेला. त्याच वादळात लाँग आयलंडच्या पूर्वेकडच्या भागात दोन फुटांच्या वर. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय हवामान सेवेच्या शेजारच्या कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याने ट्विटरवर जाहीर माफी मागितली. माणूस सज्जन असणार. पण माफी मागायचीच होती तर बर्फ कमी पडल्याची कशाला? दोन मॉडेलांतलं भांडण लोकांपासून लपून राहिलं, माफी त्याची हवी होती. राष्ट्रीय हवामान सेवेचे तेव्हाचे प्रमुख लुई उचेलिनी यांनीही नंतर अनिश्चितता अधिक नीट सांगायला हवी, असंच म्हटलं.

याच्या जवळजवळ एक वर्ष आधी, २८ जानेवारी २०१४ला, अटलांटात उलटं घडलं होतं. हे प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं. जॉर्जियाचं हे शहर बर्फाला सरावलेलं नाही. आदल्या दिवशीपर्यंत मुख्य बर्फ शहराच्या दक्षिणेला पडेल असा रोख होता, शहरासाठी सौम्य सूचना होती. पहाटे चारच्या आधी ती बदलून पूर्ण इशारा दिला गेला. म्हणजे शाळा उघडण्याआधी. पण शाळा उघडल्या, कचेऱ्या उघडल्या. दुपारी बर्फ पडायला लागल्यावर शाळा, सरकारी कार्यालयं आणि खासगी कंपन्या, सगळ्यांनी एकाच वेळी माणसं घरी सोडली. अख्खं शहर एकदम रस्त्यावर. चाकांखाली बर्फ दबून वितळला आणि पुन्हा गोठून काच झाला. मीठ टाकायच्या गाड्या त्याच कोंडीत अडकल्या. हजारो मुलांनी रात्र शाळांमध्ये काढली, काहींनी बसमध्ये. एक बाळ महामार्गावर गाडीतच जन्मलं. बर्फ किती पडला होता? अडीच इंचांच्या आसपास. गव्हर्नर नेथन डील यांनी वादळ अनपेक्षित होतं असं सांगितलं, हवामानतज्ज्ञांनी वेळेसकट पुरावे मांडून ते खोडून काढलं, आणि डील यांना माफी मागावी लागली.

न्यू यॉर्कने एका आकड्यावर फाजील विश्वास टाकला. अटलांटाने खात्री होईपर्यंत वाट पाहिली. काठावरच्या हवामानात खात्री होते ती बर्फ पडायला लागल्यावर, आणि तोवर करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

पाकिस्तानातल्या मरीची घटना तर आपल्या अगदी जवळची. सिमल्यासारखंच, साधारण तेवढ्याच उंचीवरचं, इंग्रजांनी वसवलेलं गाव. बर्फ आणणारे पश्चिमी प्रकोपही तेच. जानेवारी २०२२मध्ये बर्फ बघायला हौशी पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली, रात्री वादळ आलं आणि गाड्यांत अडकलेली वीसहून अधिक माणसं मेली. इशारा आधी दिलेला होता. चौकशीत ठपका आला तो प्रशासनावर.

मग निर्णय घ्यायचा कसा? हिशेब तसा जुना आणि सोपा आहे. खबरदारीला एक रुपया लागत असेल आणि खबरदारी न घेतल्यास दहा रुपयांचं नुकसान होत असेल, तर शक्यता दहा टक्क्यांच्या वर गेली की खबरदारी घ्यावी. रुग्णवाहिकांच्या तळाला दहा टक्केसुद्धा पुरेत. शाळेचं गणित वेगळं: शाळा बंद म्हणजे नोकरीवर जाणाऱ्या आईबापांची ओढाताण, आणि काही मुलांचं त्या दिवसाचं एकमेव गरम जेवण जातं, तेव्हा शाळेला कदाचित साठ टक्के लागतील. मुंबईहून सिमल्याला जाणारं कुटुंब 'बर्फ मिळेल ना नक्की?' असं टूरवाल्याला विचारतं, त्याचा आकडा आणखी वेगळा. चाळीस टक्के ही एकच शक्यता आहे आणि तिच्यावर तिघांचे वेगवेगळे निर्णय बरोबर असू शकतात. हवामान खात्याने या तिघांच्या वतीने एकच 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं ठरवलं, तर कोणाचं ना कोणाचं नुकसान ठरलेलं.

ही कल्पना नवी नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थचे डब्ल्यू. ई. कुक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अंदाजासोबत खात्रीचा आकडा द्यायला सुरुवात केली होती. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या मध्यापासून पावसाची टक्केवारी रोज दिली जाते. तरीही बर्फाची वेळ आली की सगळे पुन्हा हो-नाहीवर येतात.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. टक्केवारी ही हवामानवाल्यांची पळवाट आहे. चाळीस टक्के म्हटलं की काहीही झालं तरी आम्ही बरोबर! आक्षेप खरा ठरू शकतो, जर हिशेब कोणी मागितला नाही तर. पण एका रात्रीवरून नव्हे, अनेक रात्रींवरून हा हिशेब चोख मागता येतो. ज्या ज्या दिवशी चाळीस टक्के म्हटलं, त्यांपैकी खरोखर शंभरातल्या चाळीस दिवशी बर्फ पडला का? सत्तर दिवशी पडला असेल तर खातं भित्रं आहे, दहा दिवशी पडला असेल तर कांगावखोर. उलट हो-नाहीचा हिशेबच फसवा असतो. १८८४मध्ये अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोरमधल्या जॉन फिनली यांनी टोर्नेडोंचे आपले अंदाज ९६.६ टक्के बरोबर आल्याचं जाहीर केलं. लगेच कोणीतरी दाखवून दिलं की त्या गृहस्थांनी रोज नुसतं 'टोर्नेडो येणार नाही' म्हटलं असतं, तर ९८.२ टक्के बरोबर आले असते. लंडनमध्ये वर्षभर रोज 'आज बर्फ नाही' म्हणणारा माणूस असाच जवळजवळ सर्वज्ञ ठरेल.

दुसरा आक्षेप असा की सामान्य माणसाला टक्केवारी कळत नाही. मला हा आक्षेप सामान्य माणसाचा कधी वाटला नाही. तो त्याच्या वतीने बोलणाऱ्यांचा आहे. ख्रिसमसला बर्फ पडेल की नाही यावर ब्रिटनमधले लोक सट्टेबाजांकडे दरवर्षी पैसे लावतात. (मेट ऑफिसच्या व्याख्येनुसार २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत बर्फाचा एक कण पडताना दिसला तरी 'व्हाइट ख्रिसमस' झाला, तो जमिनीवर टिकला नाही तरी चालतं.) भाव पाहून पैसे लावणाऱ्या माणसाला शक्यता कळत नाही म्हणणं धाडसाचं आहे.

आपल्याकडेही परिस्थिती वेगळी नाही. सिमल्यातून १९२८मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या कार्यालयाजवळच्या चौकाला अजून सिमला ऑफिस म्हणतात. खातं पुढे दिल्लीला गेलं तरी नाव राहिलं. त्या खात्याच्या पत्रकात 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बहुतांश ठिकाणी' असे शब्द मोजूनमापून वापरलेले असतात. वाचणारा त्यातला 'पाऊस' तेवढा उचलतो. २०१७च्या जुलैत बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली. दुबार पेरणीचं संकट डोक्यावर असलेल्या माणसाला मी हसणार नाही. पण बियाणं, कर्ज, विमा आणि पेरणीचा सल्ला देणाऱ्या साऱ्या यंत्रणा त्या शक्यतेचं ओझं त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकून मोकळ्या होतात, आणि तक्रार करायला समोर दिसतं ते फक्त अंदाज सांगणारं खातं.

हे काम नीट होऊ शकतं, याचं एक साधं उदाहरण इंग्लंडच्या जिल्हा परिषदांमध्ये बघायला मिळतं. तिथे रस्त्यांवर खनिज मीठ टाकायचं की नाही, हे हिवाळ्यात रोज दुपारी एक जबाबदार अभियंता ठरवतो. त्याच्यासमोर हवेचंच नव्हे, रस्त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाचंही भाकीत असतं. नुसतं दहिवर गोठायचं असेल तर दर चौरस मीटरला दहा ग्रॅमच्या आसपास मीठ पुरतं, बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट, चौपट. खरी पंचाईत होते ती आधी पाऊस आणि मग बर्फ अशा काठावरच्या संध्याकाळी. संध्याकाळच्या गर्दीआधी मीठ टाकलं तर पाऊस ते धुऊन नेणार. पाऊस थांबायची वाट बघितली तर मिठाच्या गाड्या गर्दीत अडकणार, अटलांटासारख्या. अशा वेळी तो दोन फेऱ्या लावतो किंवा एकच फेरी उशिरा लावतो, किंवा उंचावरचे रस्ते आधी घेतो, आणि काय माहीत असताना काय ठरवलं हे वेळेसकट लिहून ठेवतो. पुढे अपघात झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर ही नोंदवही काढली जाते. आकाशाने काय केलं याचा जाब तिथे त्याला द्यावा लागत नाही. दुपारी समोर असलेल्या माहितीवर निर्णय शहाणपणाचा होता का, एवढंच तपासलं जातं.

शाळांनी आणि बससेवांनी असंच करायला काय हरकत आहे? ऑक्टोबरातच पालकांना कळवून टाकावं: आदल्या संध्याकाळी सहाला पाच सेंटिमीटर बर्फाची शक्यता इतक्या टक्क्यांच्या वर असेल तर शाळा दोन तास उशिरा, तितक्याच्या वर असेल तर बंद. आकडा कोणता, यावर पालकसभेत हवं तेवढं भांडावं. नोकरी करणारी आई एक आकडा सांगेल, डोंगरावरून मूल पाठवणारा बाप दुसरा सांगेल, मुख्याध्यापक तिसरा. ते भांडण बर्फ पडायच्या आधी, उजेडात आणि ज्यांचं ज्यांचं काही पणाला लागलं आहे त्यांच्यात होईल.